मोठ्या विद्यापीठाच्या दारावर थाप देण्याआधी



आपल्या जठारपेठेत सकाळी सहापासून सायकली आणि स्कूटी शिकवणीवर्गांकडे धावू लागतात. दहावी, बारावी, सीईटी, नीट, जेईई हे शब्द आता घराघरांत स्वयंपाकाच्या ओट्यापाशीही बोलले जातात. निकाल लागतो, मुलाला कुठे तरी प्रवेश मिळतो आणि घर सुटकेचा निःश्वास टाकते. पण काही घरांत गोष्ट तिथे संपत नाही. वर्षभराने मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला हे कॉलेज सोडून मोठ्या विद्यापीठात जायचे आहे. दुसऱ्या वर्षाला अर्ज करते." आई घाबरते. बाबा विचारतात, "मिळालेली जागा सोडतात का कोणी?" आजी म्हणते, "देवानं दिलं त्यात समाधान नाही का बाप्पा?" आणि मग सगळे मिळून विचारायला येतात, "फादर, हे बरोबर आहे का?"

हा प्रश्न वाटतो तितका फक्त प्रवेशाचा नाही. त्यात तीन नैतिक प्रश्न गुंतलेले आहेत. ज्यांनी आपल्याला घेतले त्यांना सोडून जाणे हा कृतघ्नपणा आहे का? आहे त्याहून मोठे मागणे हा गर्व आहे का? आणि ते मागताना आपण काय बोलावे, काय बोलू नये? या तिन्हींचा आज आपण शांतपणे विचार करू या.

व्यवहार कसा आहे?

आधी व्यवहार समजून घेऊ, कारण अर्धवट माहितीवर केलेला नैतिक विचारही अर्धवटच राहतो.

आपल्याकडे अशी दारे फार थोडी आहेत. आयआयटीसारख्या संस्थेत बाहेरच्या कॉलेजचे पहिले वर्ष संपवून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येईल, असा सर्वसाधारण मार्ग नाही. तिथे जायचे तर प्रवेशपरीक्षेच्या रांगेत पुन्हा पहिल्यापासून उभे राहावे लागते आणि त्या परीक्षेच्या संधीही मोजक्याच असतात. आपल्या राज्यात एक दार मात्र नियमाने उघडे आहे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेल्या मुलांना अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मुंबईचे व्हीजेटीआय किंवा पुण्याचे सीओईपी अशा नावाजलेल्या संस्थांतही या वाटेने मुले जातात. त्यासाठी बारावीचे गुण कोणी विचारत नाही. डिप्लोमाचे गुण पाहतात. दहावीला मागे पडलेला एखादा मुलगा पॉलिटेक्निकमध्ये मन लावून शिकतो आणि बारावीला पुढे असलेल्या मुलांच्या शेजारी जाऊन बसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ साली 'श्रेयांक बँक' सुरू झाली. एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक त्यामुळे दुसऱ्या संस्थेत धरता येऊ शकतात. पण बँकेत श्रेयांक आहेत म्हणून दुसरीकडे जागा मिळेलच असे नाही. जागा देणे न देणे त्या संस्थेच्या हाती राहते.

अमेरिकेत हा प्रकार जुना आणि रुळलेला आहे. एका कॉलेजात एक-दोन वर्षे शिकून विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठात अर्ज करतो. बराक ओबामा लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात दोन वर्षे शिकले, १९८१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९८३ साली तिथून पदवीधर झाले. पण सगळ्यात नावाजलेल्या ठिकाणी हे दार फारच अरुंद असते. प्रिन्स्टन विद्यापीठाने १९९० पासून असे विद्यार्थी घेणे बंदच ठेवले होते. २०१८ साली दार पुन्हा उघडले तेव्हा १,४२९ अर्ज आले आणि फक्त १३ जणांना प्रवेश देऊ केला गेला. म्हणजे शंभरात एकालाही नाही. दार उघडताना विद्यापीठाचा हेतू मात्र चांगला होता. सैन्यात सेवा केलेले, गरीब घरांतले आणि स्थानिक सामुदायिक महाविद्यालयांत शिकलेले, म्हणजे पहिल्या फेरीत ज्यांना दारापर्यंत पोहोचताच आले नाही, असे विद्यार्थी त्यांना हवे होते.

या अर्जांची एक गोष्ट आपण नीट लक्षात घेतली पाहिजे. बारावीनंतरच्या अर्जात मुलगा 'मी पुढे काय करीन' हे सांगत असतो. मधूनच बदली मागणाऱ्याला 'मी आता काय करतो आहे' हे दाखवावे लागते. त्याच्याकडे असतात ते सध्याच्या कॉलेजचे गुण, सध्याच्या प्राध्यापकांची पत्रे, सध्याच्या प्रयोगशाळेतले आणि ग्रंथालयातले काम. जी जागा सोडायची आहे, तीच जागा त्याची साक्षीदार असते. पुढच्या सगळ्या विचाराचे मूळ इथे आहे.

सोडून जाणे म्हणजे कृतघ्नपणा का?

तेराव्या शतकातल्या एका विद्यार्थ्याकडे पाहू. थॉमस नावाचा हा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याला मोंते कासिनोच्या मठात ठेवले गेले. पुढे तो नेपल्सच्या विद्यापीठात गेला. हे विद्यापीठ सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२२४ साली स्थापन केले होते, म्हणजे तेव्हा ते अगदी नवे होते. तिथेच त्याने डॉमिनिकन संघात जाण्याचे ठरवले. घरच्यांना हे पसंत नव्हते. भावांनी त्याला वाटेत अडवून घरी आणले आणि सुमारे वर्षभर अडकवून ठेवले. सुटका झाल्यावर तो पॅरिसला आणि मग १२४८ मध्ये कलोनला आल्बर्ट या थोर गुरूंकडे शिकायला गेला. फारसे न बोलणाऱ्या या धिप्पाड मुलाला सोबती 'मुका बैल' म्हणत. हेच पुढे संत थॉमस अक्वायनस म्हणून ओळखले गेले. नेपल्सचे विद्यापीठ सोडणे त्यांना गैर वाटले नाही. शिकण्याची ओढ जिथे नेत होती तिथे ते गेले. आणि १२७२ साली संघाने नवे अध्ययनकेंद्र उभारण्याचे काम दिले, तेव्हा ते नेपल्सलाच परत आले.

या थॉमस यांनीच कृतज्ञतेविषयी बारकाईने लिहिले आहे. ते कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगतात. पहिली, आपल्यावर उपकार झाला आहे हे मनाने ओळखणे. दुसरी, तो तोंडाने बोलून दाखवणे, आभार मानणे. तिसरी, योग्य वेळी, योग्य ठिकाणी, आपल्या ऐपतीप्रमाणे त्याची फेड करणे. या तीन पायऱ्यांत 'जिथे उपकार झाला तिथेच कायम राहणे' अशी पायरी नाही. त्यामुळे कॉलेज सोडणारा मुलगा आपोआप कृतघ्न ठरत नाही. पण पहिल्या पायरीवरच जो अडखळतो, ज्याला आपल्याला इथे काही मिळाले हे दिसतच नाही, तो मात्र जागेवर राहूनही कृतघ्न असू शकतो.

आपल्या मराठी मुलुखातली दोन उदाहरणे या तीन पायऱ्यांवर ठेवून पाहू.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एम.ए. झाले आणि १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. लंडनच्या दारावर त्यांनी थाप दिली ती कोलंबियाला नावे ठेवून नाही. कोलंबियातले त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनीच लंडनला त्यांच्यासाठी शिफारसपत्र पाठवले होते. पहिल्या ठिकाणी केलेल्या कामाने दुसऱ्या ठिकाणचे दार उघडले. पुढे १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, काही मदत आणि कर्ज घेतले, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एससी. झाले. फेडीची तिसरी पायरी त्यांनी कशी चढली? १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज. ज्यांच्यासाठी कोणतेच दार उघडे नव्हते, त्यांच्यासाठी त्यांनी दार बांधले.

दुसरे उदाहरण आपल्या वऱ्हाडचेच. डॉ. पंजाबराव देशमुख यांचा जन्म १८९८ साली अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या गावी झाला. ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, तिथून विलायतेला गेले, एडिंबरोला एम.ए. केले, ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहिला आणि बॅरिस्टरही झाले. पापळहून ऑक्सफर्डपर्यंतच्या या प्रवासात त्यांनी किती तरी जागा सोडल्या. पण १९३२ साली त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. आज अकोल्याच्या शिवाजी महाविद्यालयात शिकणारा प्रत्येक मुलगा त्या परतफेडीचा वाटेकरी आहे. इथले कृषी विद्यापीठही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

इथे कोणी म्हणेल, "फादर, ही मोठी माणसे परत आली. आपली मुले एकदा पुण्याला गेली की दिवाळीला सुद्धा धड येत नाहीत. सगळेच हुशार गेले तर वऱ्हाडात राहणार कोण?" ही तक्रार खोटी नाही. महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्याच्या दिशेने भरून जाताना आपण रोज पाहतो. पण तिचे उत्तर एकट्या मुलाला इथे अडवून धरण्यात नाही. इच्छेविरुद्ध थांबवलेला मुलगा गावाची सेवा करतो असा आपला अनुभव नाही. तो बहुधा गावावर रागावलेला राहतो. प्रत्येकाला परत येता येईल असेही नाही. पण फेड करण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. मागे राहिलेल्या वर्गमित्राला आपल्या नोट्स देणे, जुन्या सरांना वर्षातून एकदा फोन करणे, इथल्या पुढच्या मुलाला अर्ज कसा करायचा ते सांगणे, कमावू लागल्यावर एका मुलीची फी भरणे. आपल्याला दार दाखवणारे कोणी नव्हते, अशी ज्याची खंत आहे, त्याने दुसऱ्याला दार दाखवावे. हे योग्य वेळी, योग्य ठिकाणी आणि ऐपतीप्रमाणेच झाले.

मोठे मागणे म्हणजे गर्व का?

आता दुसरा प्रश्न. आपल्या घरांत नम्रतेची शिकवण असते आणि ती चांगलीच आहे. पण कधी कधी नम्रतेच्या नावाखाली आपण भीती शिकवतो. "आपल्याले कुठं जमते ते", हे वाक्य वऱ्हाडात किती घरांत ऐकू येते! संत थॉमस इथेही आपल्याला सावध करतात. त्यांच्या मते मनाचा मोठेपणा हा सद्गुण आहे आणि तो नम्रतेच्या विरुद्ध नाही. आपल्याला मिळालेल्या देणग्यांकडे पाहून माणूस मोठे काम अंगावर घेतो, तो मनाचा मोठेपणा. आपल्या उणिवांकडे पाहून तो स्वतःला फार समजत नाही, ती नम्रता. एकाच माणसात दोन्ही राहू शकतात. याउलट, झेपणारे कामही भीतीने टाळणे याला ते दोष म्हणतात, आणि उदाहरण देतात ते आपल्या ओळखीच्या दाखल्यातल्या दासाचे. त्या दासाने धन्याचा पैसा चोरला नव्हता, उधळलाही नव्हता. त्याने तो फक्त जमिनीत पुरून ठेवला. भीतीने.

म्हणून मोठ्या विद्यापीठाची इच्छा मुळात वाईट नाही. पण तिच्यात भेसळ होऊ शकते. थॉमस मनाच्या मोठेपणाच्या शेजारी महत्त्वाकांक्षेचाही दोष ठेवतात. मोठे काम हवे असणे वेगळे आणि मोठा मान हवा असणे वेगळे. ही भेसळ ओळखायची कशी? एक सोपी कसोटी आहे. मुलाने स्वतःला विचारावे, "मी तिथे गेलो हे जठारपेठेत कोणालाच कधी कळणार नसेल, तरीही मला तिथे जायचे आहे का?" उत्तर 'हो' असेल तर पुढचे विचारावे, "तिथे असे काय आहे जे इथे नाही?" एखादा विषय, जो इथे शिकवतच नाहीत. एखादी प्रयोगशाळा. एखादे प्राध्यापक, ज्यांचे काम आपण वाचले आहे. बरोबरीने शिकणारे सोबती. अशी ठोस नावे सांगता आली तर इच्छा खरी आहे. "ते मोठे आहे म्हणून" एवढेच उत्तर येत असेल, तर तिथे हवे आहे ते शिक्षण नाही, बॅनर आहे. चौकात फोटोसह लागणारा अभिनंदनाचा बॅनर पहिल्या पावसात फाटतो. त्यासाठी घराने कर्जात का बुडावे?

आईबाबांनाही हीच कसोटी लागू आहे. मुलाला इथे आनंदाने शिकायचे असेल आणि नातेवाइकांत सांगायला नाव हवे म्हणून आपण त्याला ढकलत असू, तर तो गर्व मुलाचा नाही, आपला आहे.

घरातला न्याय

इच्छा खरी आहे हे पटले, तरी एक प्रश्न उरतो आणि तो सहसा कोणी मोठ्याने बोलत नाही. याची किंमत घरात कोण मोजणार?

संस्था बदलली की पहिल्या ठिकाणचे सगळे विषय दुसरीकडे धरले जातीलच असे नसते. काही विषय पुन्हा करावे लागतात, कधी एखादे वर्ष वाढते आणि त्या वर्षाची फी, खोलीभाडे, जेवण हेही वाढते. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते. म्हणजे घर किंवा शेत कागदावर जाते. परदेशातली अनेक विद्यापीठे तर विदेशी विद्यार्थ्याला आर्थिक मदत लागते की नाही हेही निवड करताना पाहतात. हे सगळे अर्ज भरण्याआधी घरात एकत्र बसून, कागदावर आकडे मांडून बोलले पाहिजे.

आणि त्या बैठकीला घरातली धाकटी मुलगीही असली पाहिजे. कारण आपण पाहतो ते असे: दादाच्या मोठ्या कॉलेजसाठी ताईचे नर्सिंग किंवा बी.एड. 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणून लांबते आणि ते पुढचे वर्ष येत नाही. एकाच्या देणगीला पंख देताना दुसरीची देणगी आपण जमिनीत पुरतो. घरातल्या सगळ्यांनी समजून उमजून केलेला त्याग सुंदर असतो. पण न विचारता कोणाकडून करवून घेतलेल्या त्यागाला त्याग म्हणत नाहीत. तो अन्याय असतो.

अर्जात काय लिहावे?

तिसरा प्रश्न सत्याचा, आणि आमच्या मते सर्वांत कठीण तोच. बदलीच्या अर्जात बहुधा विचारतात, "तुम्हाला सध्याची संस्था का सोडायची आहे?" इथे दोन मोह होतात.

पहिला मोह, आहे त्या कॉलेजला काळे फासण्याचा. सर शिकवत नाहीत, लायब्ररीत पुस्तके नाहीत, मुले टवाळ आहेत. यातले काही खरे असू शकते. पण जे सर रोज वेळेवर येऊन शिकवतात ते या वाक्यात कुठे गेले? ज्या ग्रंथपाल बाई सुटीच्या दिवशीही कपाट उघडून देतात त्या कुठे गेल्या? अर्धे सत्य सांगून बांधलेले चित्र हे असत्यच असते. आणि व्यवहारानेही ते शहाणपणाचे नाही. वाचणाऱ्याला लगेच कळते की हा मुलगा उद्या आमच्याविषयीही असेच लिहील. "माझ्या कॉलेजने मला इथपर्यंत आणले, आता मला अमुक विषय शिकायचा आहे आणि तो तिथे आहे," हे वाक्य खरेही आहे आणि पुरेसेही.

दुसरा मोह, स्वतःला फुगवण्याचा. न केलेली समाजसेवा, नावापुरता काढलेला क्लब, दुसऱ्याने लिहिलेला निबंध. मोठ्या शहरांत पैसे घेऊन निबंध लिहून देणारे आहेत, आणि आता तर मोबाईलमधले यंत्रही क्षणात लिहून देते. काहींना वाटते, सगळेच करतात, मग आपण का नाही? पण विचार करा. निवड झाली, तर ती कोणाची झाली? त्या कागदावरच्या माणसाची. मग चार वर्षे त्या दुसऱ्याच माणसाचे सोंग घेऊन वावरावे लागते. आणि जिथे १,४२९ मधून १३ घेतात, तिथे एका खोट्या अर्जामुळे एका खऱ्या अर्जाची जागा जाते. त्या मुलाचा चेहरा आपल्याला दिसत नाही, म्हणून त्याचे नुकसान झालेच नाही असे होत नाही.

शिफारसपत्रांविषयीही स्पष्ट बोलू या. ख्रिस्ती अल्पसंख्याक महाविद्यालयांत ख्रिस्ती उमेदवारांसाठी काही जागा असतात, म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला आणि धर्मगुरूंचे पत्र मागितले जाते. दाखला हा नोंदवहीतल्या नोंदीचा उतारा असतो. तो ज्याचा आहे त्याला मिळणारच, त्यात उपकार नाही. पत्राचे तसे नाही. पत्रात आम्ही जे पाहिले तेच लिहू शकतो. जो तरुण रविवारच्या धर्मशिक्षणवर्गात लहान मुलांना शिकवतो त्याच्याविषयी तसे लिहू; जो वर्षातून दोनदा दिसतो त्याच्याविषयी तो आमच्या धर्मग्रामातला आहे एवढेच लिहू. "फादर, दोन ओळी जास्त लिहिल्या तर काय बिघडते?" असे कोणी विचारले, तर बिघडते ते हे: खोट्या दोन ओळींमुळे याआधी लिहिलेल्या सगळ्या खऱ्या पत्रांची किंमत कमी होते आणि पुढच्या प्रामाणिक मुलाचे पत्र कोणी वाचत नाही.

एक साधी व्यवहाराची गोष्टही सांगून ठेवू. नव्या ठिकाणचा प्रवेश लेखी हाती आल्याशिवाय जुना प्रवेश रद्द करू नये आणि मूळ कागदपत्रे काढून घेऊ नयेत. स्थलांतर प्रमाणपत्र, कॉलेज सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका यांना वेळ लागतो. त्याची चौकशी आधीच करावी. प्राध्यापकांकडे पत्र मागायचे तर शेवटच्या दिवशी धावत जाऊ नये. त्यांनाही आपल्याविषयी विचार करायला वेळ हवा.

नकार आला तर

बहुतेकांना नकारच येणार आहे, हे आकड्यांवरूनच दिसते. म्हणून नकाराचा अर्थ आधीच ठरवून ठेवणे बरे. जिथे जागा तेरा आणि अर्जदार चौदाशे असतात, तिथे नकार मिळालेल्या सगळ्यांना अयोग्य म्हणता येणार नाही. नकार जागांची संख्या सांगतो, माणसाची किंमत सांगत नाही. प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे पेनसिल्व्हेनियाच्या नामवंत विद्यापीठातून आपल्या गावाकडच्या नेब्रास्का विद्यापीठात परतले आणि तिथून पदवी घेतली. त्यानंतर हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने त्यांना नाकारले, मग ते कोलंबियात गेले. वर जाण्याचा आणि खाली येण्याचा रस्ता नकाशावर आपण समजतो तितका स्पष्ट आखलेला नसतो.

नकारापेक्षा एका गोष्टीची आम्हाला जास्त काळजी वाटते. मुलगा अर्ज करायचे ठरवतो आणि त्या दिवसापासून इथे असूनही इथे राहत नाही. वर्गात बसतो, पण प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशासारखा. मित्र जोडत नाही, कारण जायचेच आहे. प्रयोग मनापासून करत नाही, कारण खरे शिक्षण तिथे सुरू होणार आहे. असे एक वर्ष गेले की त्याच्याकडे त्या मोठ्या विद्यापीठाला दाखवायलाही काही उरत नाही, आणि नकार आला तर परत यायला जागाही उरत नाही, कारण इथे त्याने आपली जागा केलेलीच नसते.

आपण सुरुवातीला पाहिले, बदली मागणाऱ्याची साक्षीदार त्याची आजची जागा असते. म्हणून अर्ज करण्याची सर्वांत चांगली तयारी म्हणजे जणू इथेच राहायचे आहे असे मन लावून शिकणे. सरांना प्रश्न विचारा, ग्रंथालयातली धूळ बसलेली पुस्तके काढा, वर्गातल्या मागे पडलेल्या मित्राला गणित समजावून सांगा. प्रवेश मिळाला तर हेच बरोबर न्याल. नाही मिळाला तर हेच तुमच्यापाशी राहील. यात काहीच वाया जात नाही.

आणि आपल्या धर्मग्रामातल्या मोठ्यांना एक विनंती. एखाद्या मुलाने अर्ज केला आहे असे कळले तर त्याला रविवारी मिस्सानंतर दारात गाठून "काय झालं रे तुझ्या त्या विद्यापीठाचं?" असे विचारू नका. उत्तर चांगले असेल तर तो स्वतःच सांगेल. नसेल, तर त्याला दाखवायला निघालेली आपली सहानुभूती त्याच्यासाठी आणखी एक परीक्षा ठरते. त्याऐवजी विचारा, "सध्या काय शिकतो आहेस?" या प्रश्नाचे उत्तर अकोल्यातल्या मुलाकडेही असते आणि ऑक्सफर्डमधल्याकडेही. आणि ज्याच्याकडे ते उत्तर आहे, त्याची वाट चुकलेली नाही.

आपला,
धर्मगुरू